गढूळ पिशवी आणि अनोळखी जंतू

वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्याचे किती उपयोग होतात, हे गृहिणींना सांगायला नको. फडताळात अंथरायला, मुलांच्या पुस्तकांना कव्हर घालायला आणि शेवटी रद्दीवाल्याला द्यायला ते कामी येते. माझ्याकडे येणारे काही रुग्ण मात्र त्याचा आणखी एक उपयोग करतात. पोटातून बाहेर काढलेल्या पाण्याची पिशवी ते वर्तमानपत्रावर ठेवतात आणि पिशवीतून खालची अक्षरे वाचता येतात का, ते पाहतात. अक्षरे स्वच्छ दिसली की दिवस बरा. अक्षरे पुसट दिसली तर समजावे की पोटात जंतू शिरलेले असण्याची शक्यता आहे आणि आता वेळ दवडायचा नाही.

ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत आणि जे घरच्या घरी पोटाचे डायलिसिस करतात, असे हे रुग्ण. आपल्या भागात त्यांची संख्या फार नाही. तरीही आज हा विषय घेण्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत अशा रुग्णांच्या पोटात मला दोन असे जंतू भेटले, ज्यांची नावे मी कॉलेजात असताना एकदा वाचून विसरून गेलो होतो. त्यांपैकी एका रुग्णाच्या बाबतीत माझी स्वतःची चूक झाली. ती पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेख.

पोटाचे डायलिसिस म्हणजे काय?

रक्तातली घाण आणि जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकणे हे किडनीचे मुख्य काम. दोन्ही किडन्या बंद पडल्या की हे काम बाहेरून करावे लागते. त्याचा एक मार्ग म्हणजे यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणे. तो बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. दुसरा मार्ग पोटाचा.

आपल्या पोटात आतड्यांभोवती एक पातळ, ओलसर, गुळगुळीत पडदा असतो. त्याला उदरावरण म्हणतात, इंग्रजीत पेरिटोनियम. त्याच्या सगळ्या घड्या उलगडून पसरल्या, तर तो साधारणपणे अंगावरच्या कातडीइतका मोठा भरेल. या पडद्यात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पोटात साखर आणि क्षार मिसळलेले निर्जंतुक पाणी भरून ठेवले की रक्तातली घाण आणि जादा पाणी या पडद्यातून झिरपून त्यात उतरते. काही तासांनी ते पाणी काढून टाकायचे आणि ताजे भरायचे. चहाच्या गाळणीतून चहा उतरतो तसाच हा प्रकार, फक्त गाळणी आपल्या पोटातच असते.

पाणी आत-बाहेर करण्यासाठी बेंबीजवळ एक मऊ नळी कायमची बसवतात. आज जी नळी सर्वत्र वापरतात, ती अमेरिकेतील सिएटल शहरातले डॉक्टर हेन्री टेंकॉफ यांनी १९६८ साली प्रसिद्धीस आणली. पुढे १९७६ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे पोपोविच आणि माँक्रिफ या दोघांनी, रुग्णाने हिंडता-फिरता दिवसभर करायच्या डायलिसिसची कल्पना मांडली. सुरुवातीला पाणी काचेच्या बाटल्यांत येई. कॅनडातील टोरांटोचे डॉक्टर ओरिओपोलस यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या आणि ही पद्धत घरोघरी जाण्याजोगी झाली. भारतात तिची सुरुवात १९९१ साली झाली.

ज्यांना यंत्राच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा साठ-सत्तर किलोमीटर जावे लागते, त्यांना ही पद्धत मोठा आधार वाटते. घरातच दिवसातून तीन-चार वेळा दोन-दोन लिटरची पिशवी बदलायची आणि मधल्या वेळात आपापले काम करायचे. शिक्षक शाळेत जातात, दुकानदार गल्ल्यावर बसतात.

पण यात एक धोका आहे. चार वेळा पिशवी बदलायची म्हणजे वर्षाला जवळजवळ दीड हजार वेळा नळीचे तोंड उघडायचे. बाहेरचे जग आणि पोटाचा आतला भाग यांच्यामध्ये त्या क्षणी फक्त रुग्णाची स्वच्छता उभी असते. त्यातून साखर मिसळलेले, अंगाइतके कोमट पाणी म्हणजे जंतूंना मेजवानीच. जंतू आत शिरले की पडद्याला सूज येते. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढायला धावून येतात आणि पाणी गढूळ होते. पिशवीतून अक्षरे दिसेनाशी होतात ती या पेशींमुळे.

नेहमीचे पाहुणे आणि क्वचितचे

बहुतेक वेळा असे जंतू आपल्या ओळखीचेच असतात. सगळ्यात जास्त भेटतात ते कातडीवरचे आणि नाकातले स्टॅफिलोकोकाय. हात नीट धुतले नाहीत किंवा बोट नळीच्या तोंडाला लागले की ते आत जातात. त्याखालोखाल येतात ते आतड्यातले ई. कोलायसारखे जंतू. बद्धकोष्ठतेने आतडी तुंबली की त्यांना बाहेर पडायला वाव मिळतो. म्हणून या रुग्णांनी पोट साफ राहील याची काळजी घ्यायची असते. या नेहमीच्या पाहुण्यांसाठी औषधे ठरलेली आहेत. वेळेवर सुरू केली तर बहुतेक रुग्ण बरे होतात आणि नळीही वाचते.

प्रश्न येतो तो क्वचित भेटणाऱ्या जंतूंचा. हे जंतू दुर्मिळ म्हटले की वाटते, ते कुठल्या तरी परदेशातून किंवा घनदाट जंगलातून येत असतील. तसे मुळीच नाही. ते आपल्या विहिरीच्या पाण्यात, परसातल्या मातीत, मांजराच्या तोंडात, गोठ्यात आणि दुधाच्या भांड्यात कायम असतात. धडधाकट माणसाच्या पोटात शिरायला त्यांना वाट नसते, म्हणून ते आपल्याला ठाऊक नसतात. पोटाच्या डायलिसिसची नळी ही वाट उघडून देते. जंतू दुर्मिळ असतो, पण तो आला ती वाट अगदी घरगुती असते.

गुरुजींची पिशवी

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. मधुमेहाने किडन्या गेलेल्या. गाव आमच्या शहरापासून अठरा किलोमीटर आत. यंत्राचे डायलिसिस त्यांना झेपण्यासारखे नव्हते, म्हणून पोटाचे निवडले. पिशव्या बदलण्याचे सगळे काम बाई करीत, म्हणजे त्यांच्या पत्नी. दोन वर्षे एकदाही तक्रार आली नाही. इतके नेटके काम मी फार थोड्या घरांत पाहिले आहे.

एका पावसाळी रात्री दहाच्या सुमारास गुरुजींचा फोन आला. "डॉक्टर, आज पेपरातली बारीक अक्षरे दिसत नाहीत. मथळा तेवढा वाचता येतो." पोट थोडे दुखत होते, ताप नव्हता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि त्या वेळी गावातून वाहन मिळणे कठीण होते. मी सांगितले, "घरात ती जंतू मारण्याची गोळी आहे ना, ती आता एक घ्या आणि सकाळी या." गुरुजींनी आज्ञाधारकपणे गोळी घेतली आणि ती पिशवी नेहमीप्रमाणे रिकामी करून टाकून दिली.

वाचकहो, इथे माझ्या दोन चुका झाल्या. गोळी देण्याआधी पाण्याचा नमुना घ्यायला हवा होता आणि ती गढूळ पिशवी राखून ठेवायला सांगायला हवे होते. जंतूनाशक औषध पोटात गेल्यावर नमुना घेतला, तर जंतू अर्धमेले होतात आणि प्रयोगशाळेत वाढत नाहीत. चोर पळून गेल्यावर उंबऱ्यावरचे पायाचे ठसे आपणच पुसून टाकावेत, तशातला हा प्रकार.

सकाळी पाणी तपासले. जंतुसंसर्ग झाला आहे असे मानायला एका घन मिलिमीटरमध्ये शंभरपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक एका विशिष्ट प्रकारच्या असाव्या लागतात. गुरुजींच्या पाण्यात त्या कितीतरी जास्त होत्या. नमुना कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, प्रयोगशाळेत पाठवला आणि नेहमीची दोन औषधे पिशवीतूनच पोटात सुरू केली. तिसऱ्या दिवशी अहवाल आला : जंतू वाढले नाहीत. पाणी किंचित निवळले, पुन्हा गढूळ झाले. पाचवा दिवस उजाडला तरी अक्षरे पुसटच. तेव्हा मी गुरुजींना मोठ्या शहरातील किडनीतज्ज्ञांकडे पाठवले.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. नवा नमुना घेऊन तो जास्त दिवस ठेवायला प्रयोगशाळेला सांगितले. शिवाय क्षयाचे जंतू पाहण्यासाठी जो खास रंग वापरतात, तोही वापरायला सांगितला. काचपट्टीवर लाल काड्या दिसल्या आणि सहाव्या दिवशी जंतू वाढले. तो क्षयाचा जंतू नव्हता, पण त्याच्याच भावकीतला होता. नाव मायकोबॅक्टेरियम फॉर्ट्युइटम. फॉर्ट्युइटम या लॅटिन शब्दाचा अर्थ योगायोगाने आलेला असा आहे. याचे घर पाणी आणि माती. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनलाही तो सहसा दाद देत नाही. विशेष म्हणजे क्षयाच्या नेहमीच्या गोळ्याही त्याला लागू पडत नाहीत. त्यामुळे केवळ लाल काड्या पाहून क्षयाचे उपचार सुरू केले असते, तर आणखी काही आठवडे वाया गेले असते.

तज्ज्ञांनी बाईंना शांतपणे विचारले, "पिशवी कोमट कशी करता?" बाई आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की पावसाळ्यात पिशवी फार गार लागते, यांच्या पोटात कळ येते, म्हणून बादलीत विहिरीचे गरम पाणी घेऊन पिशवी त्यात बुडवून ठेवते. शिकवताना नर्सबाईंनी असे करू नका म्हणून सांगितले होते. "तुम्ही रागवाल म्हणून आठ दिवस सांगितले नाही."

त्या बादलीतूनच जंतू आला, असे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. पण पिशवीच्या तोंडाशी राहिलेले पाण्याचे थेंब ही पाण्यातल्या जंतूंची ठरलेली वाट आहे. म्हणूनच पिशवी पाण्यात बुडवून गरम करू नये, कोरड्या उष्णतेने करावी, हा नियम आहे.

गुरुजी वाचले. मात्र त्यांची नळी काढावी लागली. हे जंतू नळीच्या आतल्या बाजूला चिकट थर करून बसतात. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरते ना, तसा. वरून कितीही औषध ओता, थराच्या खालचे जंतू जिवंत राहतात. कित्येक महिने एकाहून जास्त औषधे घ्यावी लागली. आता ते आठवड्यातून तीन दिवस यंत्राच्या डायलिसिससाठी एस. टी. ने जिल्ह्याच्या गावी जातात. पहाटे निघतात, संध्याकाळी परततात. गावच्या वाचनालयात रोज संध्याकाळी ते मुलांना इंग्रजी शिकवीत. तो वर्ग आता आठवड्यातून दोनच दिवस भरतो.

आजींचे मांजर

दुसरी गोष्ट याच्या उलट. एका आजींची सून पिशवी घेऊन थेट दवाखान्यात आली. पाणी गढूळ होते आणि काल रात्री चादर ओली झाली होती. मी काही विचारायच्या आत सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्याकडे मांजर आहे. आईंच्या पायाशी झोपते. लोंबती नळी दिसली की तिला खेळायला हवी असते." आम्ही नळी उजेडात धरली. प्लॅस्टिकला सुईच्या टोकाएवढे छिद्र होते.

नमुना प्रयोगशाळेत पाठवताना मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिले : घरात मांजर, नळीला छिद्र. जंतू निघाला पाश्चुरेला मल्टोसिडा. मांजरांच्या तोंडात तो नेहमीच राहतो आणि पंजे चाटताना त्यांच्या नखांवरही येतो. पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णांत त्याची नोंद जगभरातून झालेली आहे आणि बहुतेक प्रसंगी दोषी ठरली आहे ती घरची मनीच. सुदैवाने हा जंतू पेनिसिलीनच्या जातीच्या औषधांना घाबरतो. आजींची छिद्र पडलेली बाहेरची नळी बदलली, औषध पूर्ण दिले, पोटातली नळी तशीच राहिली. मांजरही घरातच आहे, पण पिशवी बदलण्याच्या खोलीत तिला आता मज्जाव आहे आणि रात्री ती माजघरात झोपते.

दोन्ही घरे स्वच्छ, दोन्हीकडची माणसे मायेची. फरक एवढाच की एका घरातली माहिती पहिल्या दिवशी मिळाली आणि दुसऱ्या घरातली आठ दिवसांनी.

आणखी काही अनोळखी मंडळी

असे इतरही काही जंतू आहेत. त्यांची नावे लक्षात ठेवायची गरज नाही. ते येतात कुठून, तेवढे लक्षात ठेवावे.

कच्च्या दुधातून येणारे. लिस्टेरिया नावाचा जंतू न तापवलेल्या दुधात आणि त्याच्या पदार्थांत सापडतो. फ्रीजच्या थंडाव्यातही तो वाढत राहतो, हे त्याचे वैशिष्ट्य. गढूळ पिशवीसाठी सेफॅलोस्पोरिन गटातली जी औषधे सर्रास वापरतात, ती याच्यावर चालत नाहीत. अँपिसिलीन चालते. म्हणजे जंतूचे नाव कळले नाही, तर औषध सुरू असूनही उपचार झालाच नाही, असे होते.

शेळ्या-मेंढ्या आणि गुरांकडून येणारे. ब्रुसेला या जंतूचा शोध डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी १८८७ साली माल्टा बेटावर लावला. तो शेळीच्या दुधातून येतो, हे तेथीलच डॉक्टर झामिट यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे शेळ्या पाळणारी, गाईम्हशींचे बाळंतपण करणारी माणसे घरोघर आहेत. या जंतूने पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णांना क्वचित गाठल्याची उदाहरणे आहेत. तो प्रयोगशाळेत सावकाश वाढतो आणि तेथील कर्मचाऱ्यांनाही त्याची बाधा होऊ शकते. तेव्हा घरात शेळ्या आहेत, हे सांगणे त्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाचे.

मातीतून आणि झाडाझुडपांतून येणारे. बागकाम, काटा लागणे, कुंडीतली माती उकरणे यांतून हातावर येणारे जंतू वेगळेच असतात. पँटोइया आणि रायझोबियम ही त्यांतली दोन नावे. बाग सोडायची नाही, पण हातमोजे घालायचे आणि मातीच्या हाताने नळीकडे जायचे नाही.

ओल्या हातावरून येणारे. हात साबणाने धुतले, पण कोरडे केले नाहीत, तर पाण्यातले स्फिंगोमोनाससारखे जंतू थेंबातून नळीच्या तोंडाशी जातात. हात धुण्याइतकेच हात पुसणे महत्त्वाचे आहे, आणि तेही स्वच्छ, कोरड्या पंचाने.

तोंडातून येणारे. पिशवी बदलताना बोलणे, खोकणे, शिंकणे यांतून तोंडातले जंतू उडतात. मास्क लावायचा तो यासाठी. दात किडलेले असतील तर वेळीच दाखवावेत आणि दात काढायच्या आधी किडनीच्या डॉक्टरांना सांगावे.

जंतू सापडत का नाही?

'कल्चर निगेटिव्ह' असा अहवाल आला की नातेवाइकांना वाटते, जंतू नाही, म्हणजे बरे झाले. खरे तर पाणी गढूळ असताना जंतू न सापडणे ही काळजीची गोष्ट आहे. बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच की जंतू आहे, पण आपल्याला पकडता आला नाही. कारणे तीन. नमुन्याआधी औषध घेतलेले असते. नमुना थोडा किंवा उशिरा पोचतो. किंवा प्रयोगशाळेला काय शोधायचे ते कोणी सांगितलेले नसते.

आता तंत्र पुष्कळ सुधारले आहे. पोटातले पाणी रक्ताच्या कल्चरसाठी असलेल्या खास बाटल्यांत रुग्णाच्या खाटेजवळच भरले, तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. मोठ्या शहरांत अशी यंत्रे आली आहेत की एकदा जंतू वाढला, की त्यातल्या प्रथिनांचे वजन करून काही मिनिटांत त्याचे नाव सांगतात. पूर्वी ज्या जंतूंना नावच मिळत नसे, ते आता ओळखू येऊ लागले आहेत. पण यंत्र कितीही हुशार असले, तरी त्याच्यापुढे योग्य वेळी योग्य नमुना यावा लागतो. ते काम रुग्णाचे, नातेवाइकांचे आणि आम्हा डॉक्टरांचे.

पाणी गढूळ होण्याला इतर कारणेही असतात, हे खरे. कधी प्रथिनांचे धागे उतरतात, कधी काही औषधांमुळे पाणी दुधाळ दिसते, पाळीच्या दिवसांत स्त्रियांमध्ये ते गुलाबी होऊ शकते. पण हा निर्णय घरी करू नये. तपासणी होईपर्यंत गढूळ पाणी म्हणजे जंतू, असेच धरून चालावे. ताप नाही, पोट फारसे दुखत नाही, म्हणून थांबू नये. गुरुजींनाही ताप नव्हता.

नळी काढावी लागते तेव्हा

योग्य औषधे सुरू होऊन पाच दिवस झाले आणि पाणी निवळण्याची काहीच चिन्हे नाहीत, पेशी कमी होत नाहीत, तर नळी काढण्याचा विचार करावा लागतो. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, अजून थोडे दिवस बघू या." त्यांचे दुःख समजते, पण येथे हट्ट महागात पडतो. संसर्ग लांबला तर पडदा कायमचा खराब होतो आणि जिवावरही बेतू शकते. नळी पुन्हा बसवता येते, खराब झालेला पडदा बदलता येत नाही. योग्य वेळी नळी काढलेल्या काही रुग्णांना पुढे पुन्हा पोटाचे डायलिसिस सुरू करता आले आहे.

घरी काय पाळावे?

१. प्रत्येक वेळी निघालेली पिशवी छापील कागदावर ठेवून पाहावी. अक्षरे पुसट दिसली तर रात्र असली तरी दवाखान्यात कळवावे.

२. गढूळ पिशवी टाकू नये. तोंड बंद करून सोबत आणावी.

३. नमुना देण्याआधी घरातली कोणतीही जंतूनाशक गोळी आपल्या मनाने घेऊ नये. डॉक्टरांनी फोनवर सांगितली, तर "आधी नमुना द्यायचा का?" असे अवश्य विचारावे. त्याचा राग मानणारा डॉक्टर चुकतो आहे, असे समजावे.

४. पिशवी पाण्यात बुडवून गरम करू नये. कोरड्या उष्णतेची पद्धत शिकून घ्यावी.

५. पिशवी बदलताना खिडकी, दार आणि पंखा बंद असावा. मास्क लावावा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. कुत्रे, मांजर, कोंबडी यांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

६. विहीर, नदी किंवा तळ्यात उतरू नये. नळीच्या तोंडाची जागा रोज स्वच्छ करून कोरडी ठेवावी. लाली, पू किंवा ओल दिसली तर दाखवावी.

७. दूध उकळूनच घ्यावे.

८. नळी फुटली, गळली, तोंड जमिनीला लागले, तर "काही होत नाही" म्हणू नये. नळी छिद्राच्या वरच्या बाजूला, पोटाजवळ चिमटा लावून बंद करावी आणि लगेच यावे.

९. डॉक्टरांना घरची माहिती न विचारता सांगावी : पाणी कुठले, जनावरे कोणती, शेतात काय काम केले, दातांचे काय, दूध कुठून येते.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या रागाच्या भीतीने रुग्ण आणि नातेवाईक गोष्टी लपवतात. पिशवी बादलीत बुडवली, घाईत मास्क राहिला, मांजर अंथरुणात आले. या गोष्टी कोणाच्याही घरी घडतात. वर्षात दीड हजार वेळा एखादे काम बिनचूक करून दाखवा, असे मला कोणी सांगितले, तर मलाही जमणार नाही. तेव्हा लाज वाटण्याचे कारण नाही. आणि आम्ही डॉक्टरांनीही पहिला प्रश्न दोष शोधण्यासाठी नव्हे, जंतू शोधण्यासाठी विचारावा. गुरुजींच्या घरी मी तो आठ दिवस विचारलाच नाही, ही माझी तिसरी चूक.

हा लेख लिहिण्याआधी मी गुरुजींची परवानगी घेतली. ते म्हणाले, "जरूर लिहा. नाव घालू नका. आणि हिला दोष येईल असे काही लिहू नका." बाई शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांना तेव्हा सांगितले तेच येथे लिहितो. दोन वर्षे गुरुजी पोटाच्या डायलिसिसवर सुखाने राहिले, ते बाईंच्या हातांमुळे.